अर्जुनाची दुसरी नक्कल

जत
२२ सप्टेंबर २०२५

शिवतेज,

तुझा नंबर मी बंद केलाय. चुकून नाही, मुद्दाम. तू नऊ-नऊ मिनिटांच्या आवाजाच्या नोटा पाठवतोस. पहिल्या मिनिटाला एक सांगतोस, आठव्याला दुसरंच, आणि मागनं "मी असं बोललोच न्हवतो". म्हणून यापुढं कागदावर लिही. कागद फिरत नाही.

काम असं आहे. माझ्याकडची हार्डडिस्क गेली. लावली की नुसती टक टक करते. सांगलीच्या दुकानदारानं ती घड्याळासारखी कानाला लावली आणि परत हातात दिली. त्रेचाळीस गेमच्या हुबेहूब नकला तिच्यात होत्या. मूळ डिस्का, म्हणजे सीड्या, घरात आहेत, पण इथली धूळ आणि यात्रेतल्या पोरांची भजी खाल्लेली बोटं. निम्म्या डिस्का टीव्हीला लावायचं गेमचं मशीन वाचतच नाही.

त्या गेल्या तर गेल्या. पण 'आपली कुस्ती'ची मूळ डिस्कच नाही, तुला माहीत आहे. तीन वर्षं बसून मी त्या परदेशी गेममधले सोनेरी केसांचे गडी काढले आणि आपल्या तालमीची पोरं बसवली. नावं, तोंडं, लांगेचा रंग सगळं. ती फक्त नक्कल म्हणूनच आहे. एक माझ्या डिस्कवर होती, एक तुझ्या.

एकोणीसच्या पुरात सांगलीतल्या आपल्या खोलीत कॉम्प्युटर गेला, तेव्हाच ठरवलं होतं की दोन्ही नकला एका जागी ठेवायच्या नाहीत. म्हणून अक्षयतृतीयेला दुसरी हार्डडिस्क तुझ्या हातात दिली. दोन अटी घातल्या. नक्कल कुणाला द्यायची नाही, आणि फायलींना हात लावायचा नाही.

डिसेंबरात गावची यात्रा. गेमचा तंबू लागायचा आहे. अर्जुनादादा आत्तापासून विचारतोय. डिस्क पाठव.

इंद्रजित


महाबळेश्वर
३० सप्टेंबर

इंद्र्या, गड्या,

पत्र मिळालं. पोस्टमननं दोनदा वाचून दाखवायला सांगितलं, म्हणे हल्ली असली भांडणं पत्रात कोण करतं.

मी इथं स्ट्रॉबेरीच्या प्लॉटवर आहे. त्याआधी टॅक्सी धुवायचं काम होतं, पण पावसात टॅक्सी देवच धुतो, मग मालकानं सांगितलं घरी जा. आता रोपं लावतोय. वाफ्यावर काळा कागद अंथरायचा, त्याला भोक पाडायचं, भोकात रोप. दिवसाला किती भोकं पाडली विचारू नको. झोपलो की डोळ्यांपुढं भोकंच. इथला मालक लय हुशार, पाखरांसाठी आत्तापासून जुन्या सीड्या गोळा करतोय. फळ धरलं की दोरीला बांधायच्या, वाऱ्यात चमकल्या की बुलबुल पळतात. मी त्याला परवा टॅक्सीच्या ड्रायव्हरांच्या खोलीतनं पिशवीभर आणून दिल्या, तर त्यानं मला मुकादम केलं. म्हणजे दोन बायांवर. त्या माझं ऐकत नाहीत.

हां, डिस्क. एकदम सेफ आहे. पाटणला साळूआत्याकडं ठेवलीय, जूनपासून. इथल्या पावसात तिला बुरशी आली असती, माझ्या चपलांना आली. बघ, मी किती विचार करतो. तू उगंच चिडतोस.

अर्जुनादादाला सांग, शिवतेज आहे तोवर काळजी नाही.

तुझा,
शिवतेज


जत
६ ऑक्टोबर

शिवतेज,

कुणाच्या आत्याकडं ठेव असं मी म्हणालो नव्हतो. पण महाबळेश्वरापेक्षा पाटण बरं. जा आणि घेऊन ये.

आणायच्या आधी एखाद्या कॉम्प्युटरला लावून बघ. प्रत्येक गेमच्या एकाच नावाच्या दोन फायली दिसतील. एक एवढीशी, एक मोठी. दोन्ही लागतात. तुला तेव्हा समजावून सांगितलं होतं, तू खिडकीतनं शेळ्या बघत होतास. म्हणून परत लिहितो. मोठी फाईल म्हणजे धान्याचं पोतं, बारकी म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी, आत काय आणि कुठं ते सांगणारी. त्रेचाळीस पोती, त्रेचाळीस चिठ्ठ्या. मोजून मला कळव.

अर्जुनादादाचं सांगतो, म्हणजे तुला समजेल मी का मागं लागलोय. विट्याच्या मैदानात साईराजनं त्याला खाली घेतला तेव्हा त्याचा गुडघा निसटला. दादा तेव्हा बावीस वर्षांचा. पुन्हा लांग नेसून मैदानात उतरला नाही. आता मेंढरं सांभाळतो, काठी टेकत चालतो. कुस्तीचं नाव काढलं तर उठून जातो. पण यात्रेत तीन दिवस माझ्या तंबूत येऊन बसतो. पोरं उठली की स्वतः खेळतो, अर्जुना विरुद्ध साईराज, तीच एक कुस्ती. वर्षातनं तेवढंच. मी त्याला अजून सांगितलेलं नाही की माझी डिस्क गेली.

इंद्रजित


महाबळेश्वर
१५ ऑक्टोबर

इंद्र्या,

कसं लिहू कळत नाही. पाटणला जाऊन आलो. एसटीत शेजारी एक फौजी होता, सुट्टीवर आलेला, त्यानं लडाखचं असं वर्णन केलं की मी उतरायचं विसरलो आणि पुढं जाऊन परत आलो. पण ते जाऊ दे.

वाईट झालं. तुला माहीत आहे, आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पुजतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, आत्याचं शिलाई मशीन, आतोबांची फौजेतली पेटी, सगळं ओळीनं मांडतात. आत्यानं तुझी डिस्क पण त्यात घेतली. हत्यारच म्हणायचं ते. आणि धुतली रं. चिंच आणि राख लावून. मग हळदकुंकू. आत पाणी गेलं, संपलं.

आता म्हातारीला काय बोलणार? तिनं भक्तीनंच केलं. तू पण तिला काही लिहू नको, तिचं मन दुखावेल. आपण दोघं समजून घेऊ. नशीबच खोटं.

अर्जुनादादाला दुसरा एखादा गेम दाखव. मोटारींचा चांगला आहे.

तुझा,
शिवतेज


पाटण
२७ ऑक्टोबर

चि. इंद्रजित यास साळूबाईचा आशीर्वाद.

पत्र शेजारची संयोगिता लिवतीया, मी सांगतीया. ती बारावीला हाय. तिला म्हटलं, मी बोलीन तसंच लिव, सुधरू नको.

लेकरा, तुजं पत्र आलं. तू लिवलंस, आत्या मी रागावलो न्हाई, नुसती भिजलेली डिस्क द्या, सांगलीला कुणी दुरुस्त करतंय का बघतो. ते वाचून मी कपाळाला हात लावला. भिजलेली कशी आसंल? मी काय येडी हाय का इजंच्या वस्तूला पाणी लावायला? मिक्सर बी पुजती मी, तवा काय त्येला हौदात बुडवती व्हय?

खंडेनवमीला कुंकवाचं बोट लावलं आन् वर झेंडूचं फूल ठेवलं, हे खरं. दुसऱ्या दिवशी फूल काढलं, कोरड्या फडक्यानं पुसली, फडक्यातच गुंडाळली आन् तांदळाच्या कणगीत परत ठेवली, निरगुडीच्या पाल्यात. जूनपासनं तितंच हाय. इकडं पाऊस काय कमी नसतो, पर माज्या तांदळाला कवा ओल लागली न्हाई, तर तुज्या डब्बीला कशी लागंल?

आन् आमचं शिवतेज आलंवतं म्हणून लिवलंस. जूनमदी डब्बी ठेवून गेलं, त्यानंतर त्येचं तोंड मी बघितलं न्हाई. दिवाळीला बी आलं न्हाई. करंज्या ठेवल्यात, मऊ पडल्या.

तूच ये. येताना उन्हात बसून येऊ नको, सकाळच्या गाडीनं ये. जेवायला थांबायचं.

साळूबाई
(मी संयोगिता. आत्या पत्र सांगताना दोनदा रडल्या, ते लिहू नको म्हणाल्या.)


जत
५ नोव्हेंबर

शिवतेज,

पाटणला जाऊन आलो. खरोखर जाऊन आलो, तुझ्यासारखा नाही. फौजी भेटला नाही.

आत्यांनी कणगीत कोपरापर्यंत हात घालून डिस्क काढून दिली. कोरडी ठणठणीत. एका कडेला कुंकवाचा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो. तीन वेळा भात वाढला, तीन वेळा खाल्ला. संयोगिताच्या घरी कॉम्प्युटर आहे, तिथं म्हटलं लगेच मोजून घेऊ.

त्रेचाळीस चिठ्ठ्या आहेत. पोतं एकही नाही.

आणि पोत्यांच्या जागी कुणाचं तरी लग्न आहे. अडीच तास हळद. नवरीचा मामा नाचतोय. वरातीत एक म्हैस मध्ये येते, ती चार वेळा चार बाजूंनी घेतलीय. सातव्या मिनिटाला आरशात कॅमेरा धरलेला तू दिसतोस, दात काढून.

संयोगिता हसली, मग माझ्याकडं बघून तिनं आवाज बारीक केला. आत्या बाहेरनं विचारत होत्या, "दिसतंय का रं काय?" मी म्हटलं, दिसतंय.

तू स्वतःच्या आत्याच्या माथी मारलंस. ज्या बाईनं दुसऱ्याची वस्तू पाच महिने तांदळात जपली, तिच्या. मला गेमपेक्षा त्याचाच राग जास्त आलाय. छे, तसंही न्हाई. दोन्हीचा सारखाच आलाय.

दादाला काल सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि मेंढरं घेऊन गेला. संध्याकाळी जेवला नाही.

उत्तर देऊ नको.

इंद्रजित


महाबळेश्वर
१३ नोव्हेंबर

इंद्रजित,

उत्तर देतोय. शिव्या घालायच्या तर पुढच्या पत्रात घाल, पण हे वाच.

मे महिन्यात कऱ्हाडच्या एका शूटिंगवाल्याबरोबर फिरत होतो. लग्नाला गेलो तर त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. दुसरं घरी विसरला. वरात निघालेली, तो माझ्यावर ओरडतोय, मी म्हटलं माझ्याकडं डिस्क आहे. लॅपटॉपला लावली तर ती भरलेली. बघतो तर प्रत्येक नाव दोनदा. शप्पथ सांगतो, मला वाटलं तू चुकून डबल कॉपी मारलीयस. म्हटलं एक ठेवू, एक काढू. बारक्या काढून जागा होईना, म्हणून मोठ्या काढल्या. आणि बारक्या इतक्या काळजीनं ठेवल्या रं, एकेक मोजून. त्रेचाळीस भरल्यावर स्वतःवर खूश झालो.

तू ऑक्टोबरात पोतं आणि चिठ्ठी लिहिलंस, तेव्हा मी प्लॉटच्या बांधावर बसून वाचत होतो. तिथंच समजलं. अर्धा तास उठलो नाही. बाया म्हणाल्या, मुकादमाला फेफरं आलं.

खरं लिहायला कागद घेतला होता. चार ओळी लिहिल्या. मग खंडेनवमी आठवली आणि खोटंच जास्त चांगलं जमत गेलं. माझं तसंच होतं. आत्याला मी पत्र घातलंय, हात जोडून. तिचं उत्तर आलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. हिच्यावर तू अजून चिडशील, पण चीड. तुझी पहिली अट पण मी मोडलीय. मेमध्येच, लग्नाच्या आधी, साताऱ्यात एका दुकानातनं 'आपली कुस्ती' कोऱ्या सीडीवर मारून घेतली आणि इथं ड्रायव्हरांच्या खोलीत दिली. त्यांच्याकडं जुनं मशीन आहे, कॉपी चालणारं. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, पोरं दिवसभर खेळायची. मला फुशारकी मारायची होती, माझ्या दोस्तानं केलाय म्हणून.

तिथं सगळे दादाच घेतात. अर्जुना कुणी घ्यायचा यावरनं भांडणं व्हायची. ज्योतिबा म्हणून एक ड्रायव्हर आहे, तो घाट चढताना गाडी दमली की स्टेअरिंगवर थाप मारून म्हणतो, "चल अर्जुना!" त्याला माहीत नाही की अर्जुना खरा माणूस आहे.

ती डिस्क शोधतो. असेल तिथंच.

शिवतेज


जत
१९ नोव्हेंबर

शोध. सापडली तर तू स्वतः घेऊन ये. पोस्टानं नको, कुणाच्या हाती नको.

आणि ज्योतिबाला सांग, खरा आहे म्हणून.

इंद्रजित


महाबळेश्वर
१ डिसेंबर

इंद्र्या,

ड्रायव्हरांच्या खोलीत नव्हती. ज्योतिबा म्हणाला, "आरं तूच तर सप्टेंबरात सगळ्या डिस्का पिशवीत भरून घिऊन गेलास. आमी वरडत व्हतो मागनं, तू थांबलास का?"

पिशवी. मुकादमकी.

मी पळत प्लॉटवर गेलो. मालकानं पंधरा दिवसांपूर्वीच सगळ्या दोरीला बांधल्या होत्या. सहा दोऱ्या, दीडशेच्या वर सीड्या, सगळ्या वाऱ्यात गरगर फिरतायत, आणि डोळ्यांवर असला उजेड की एकीवरचंही नाव वाचता येईना. एकेक धरायची, थांबवायची, उलटी करायची. आरत्या, तमाशाची गाणी, कुणाची दहावीची इंग्रजी, एका पतसंस्थेची काहीतरी योजना. बाया बघतायत. एक म्हणाली, "मुकादम, बुलबुलापरास तुमालाच जास्त भुलवलं की हो त्यांनी." मालक लांबनं बोंबलतोय, कारण मी थांबवलेल्या दोरीवर बुलबुल उतरायला लागले होते.

चौथ्या दोरीवर सापडली. माझ्याच हातचं मार्करनं लिहिलेलं, 'आपली कुस्ती, जत'. कडेनं तारेला घासून पांढरी पडलीय, उन्हानं रंग उडालाय. मालकानं विचारलं हिच्यात काय आहे, मी म्हटलं माणूस आहे. त्यानं मला कामावरनं काढलं. दोरी तोडल्याबद्दल, माणसाबद्दल नाही.

ज्योतिबाच्या मशीनवर लावून बघितली. चालते. पण पुरती नाही. शेवटी काहीतरी होतं, तू बघशीलच, मला लिहवत नाही.

मी येत नाही. स्वतः आण म्हणालास, मान्य. सातारा स्टँडपर्यंत आलो पण होतो. सांगलीची गाडी लागली, चढलो, आणि उतरलो. दादा "बरं" म्हणाला हे तू लिहिलंयस ना, ते माझ्या डोक्यातनं जात नाही. शिव्या दिल्या असत्या तर आलो असतो. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, रजिस्टर करून पाठवतोय. पुठ्ठे करंज्यांच्या खोक्याचे आहेत. आत्यानं पाठवल्या. चिठ्ठी नव्हती, नुसत्या करंज्या.

शिवतेज


जत
२९ डिसेंबर

शिवतेज,

यात्रा उठली. तंबू काढला. आज सवड झाली.

तुझी डिस्क मिळाली. नक्कल काढायला दोन दिवस लागले. कॉम्प्युटर चौऱ्याण्णव टक्क्यांवर येऊन अडायचा. बाहेरची कड मेलीय. शेवटी त्याला सांगितलं, जे वाचता येत नाही तिथं रिकामं ठेव आणि पुढं जा.

ज्या कडेला ऊन लागलं तिथंच जिंकण्याचं चित्र होतं. त्यामुळं सगळी कुस्ती होते, डाव लागतो, पाठ टेकते, पंच हात वर करायला वाकतो, आणि तिथं गोठतं. पुढं काही नाही. दर कुस्तीला मशीन बंद करून परत चालू करायचं. तीन दिवस मी तेवढंच केलं, बोटाला घट्टा पडला. पहिल्या दिवशी पोरांनी शिव्या दिल्या. एकानं तोंडावर सांगितलं, "तुजा गेम लंगडा झालाय." दादा शेजारीच उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासनं पोरं स्वतःच ओरडायला लागली. पंच वाकला की सगळा तंबू "चितपट!" म्हणून उठायचा. पंचाची गरजच उरली नाही. पण ते पोरांचं. मला धाकधूक दादाची होती.

तो तिसऱ्या दिवशी बसला. काठी बाजूला ठेवली, अर्जुना घेतला, समोर साईराज. नेहमीसारखी लांबवली कुस्ती, घाई केली नाही. मग ढाक डाव टाकला, साईराजची पाठ टेकली, पंच वाकला, आणि गोठलं. मी बटणाकडं हात नेला.

दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हात लावू नकोस."

मी म्हटलं, "दादा, पुढचं चित्र गेलंय. हात वर जात न्हाई आता. माझी चूक झाली, दुसरी नक्कल..."

"विट्यात माजी कुस्ती थांबली, तवा मी खाली व्हतो," तो म्हणाला. "ही थांबलीया, तवा मी वर हाय. बघू दे जरा."

रांगेत पंधरा पोरं होती. तीही बघत उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग त्यानं काठी घेतली आणि बाहेर जाता जाता विचारलं, "त्यो घाटातला डायवर काय म्हणतोय गाडीला? परत सांग."

मी सांगितलं. तो मेंढरांकडं गेला. लांबनं ऐकू आलं, म्हाताऱ्या मेंढ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "चल अर्जुना!"

मी चार नकला काढल्यात. चिठ्ठी आणि पोतं, दोन्ही. एक माझ्याकडं. एक आत्यांच्या तांदळात. एक ज्योतिबाच्या खोलीला पाठवली. चौथी या पाकिटात आहे, ती तुझी. मी तुझ्यावर अजून चिडलेलो आहे, नंबरही बंदच आहे. पण पहिली अट काढून टाकलीय. कुणाला द्यायची त्याला दे, जिथं फिरशील तिथं दे.

फक्त दोरीला बांधू नकोस.

इंद्रजित